हात थांबला की आवाजही थांबला पाहिजे

मंचावर लॅपटॉप आणि कंट्रोलर (नॉब आणि फेडर असलेला बोर्ड) घेऊन संगीत वाजवताना लूप सोडता येतात, मिडी मॅपिंग (कुठला नॉब आवाजातलं काय बदलेल हे ठरवणं) जमतं, सेट कुठे अडत नाही. तरी दहाव्या मिनिटाला समोरचे लोक आपापसात बोलायला लागतात. मी दोन वर्षं हे सोसलंय. एका कार्यक्रमानंतर एकाने अगदी आपुलकीने विचारलं, "तू नक्की काय वाजवत होतीस?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

मला वाटलं, लोकांना माझे हात दिसत नाहीत. म्हणून कंट्रोलर तिरका केला, दिवे लावले, अंग जास्त हलवलं. काही उपयोग झाला नाही. तुम्ही यात वेळ घालवू नका.

चूक मॅपिंगमध्ये होती. चाळीस नॉब, प्रत्येकाला एकेक काम. नॉब फिरवून हात काढून घेतला तरी आवाज तसाच चालू. पेटीचा भाता आठवा: हात थांबला की सूर विरतो. व्हायोलिनचा गज जोरात ओढला की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा पोतही बदलतो. वाजवणाऱ्याची मेहनत ऐकू येते ती यामुळे.

म्हणून फेडर (सरकवायची पट्टी) कुठे आहे हे बघू नका, तो किती वेगाने हलतोय हे बघा. दर १० मिलिसेकंदांनी आताची किंमत वजा मागची किंमत, चिन्ह सोडून द्यायचं. हा आकडा एकाच वेळी आवाजाची पातळी, फिल्टर (सूर उजळ किंवा मंद करणारा) आणि थोडं डिस्टॉर्शन (आवाजातली खरखर) या तिघांना द्या. इथेच मी महिनाभर अडकले. साध्या मिडीत (कंट्रोलर लॅपटॉपला आकडे पाठवतो ती भाषा) किंमती ० ते १२७ एवढ्याच. हात हळू फिरला की बऱ्याच वेळा फरक शून्य येतो, मध्येच एक येतो आणि आवाज तुटक फडफडतो. मला वाटलं फेडर खराब आहे, म्हणून दुसरा घेतला. तोही तसाच! त्या आकड्याला स्मूदिंग, म्हणजे उड्या मऊ करणं, हवं होतं: चढताना झटपट, उतरताना सावकाश, साधारण पाव सेकंद. ते लावलं आणि पहिल्यांदाच मनगट दुखेपर्यंत वाजवलं. हात दमला तसा सूरही दमत गेला. मला रडू आलं.

बफरही तपासा, म्हणजे लॅपटॉप आवाज बाहेर सोडण्याआधी साठवतो तो तुकडा; तो जेवढा मोठा, तेवढा आवाज हातामागून उशिरा येतो. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पल म्हणजे जवळपास १२ मिलिसेकंद उशीर, आणि तेही फक्त बाहेर जाताना. १२८ वर ते ३ च्या आत येतं. लॅपटॉपला झेपत नसेल तर प्लगइन (आवाजावर काम करणारी जोड-सॉफ्टवेअर) कमी करा.

मॅपिंगचे तयार टेम्प्लेट विकत घेऊ नका. त्यातल्या हालचाली दुसऱ्याच्या हाताच्या असतात. आणि सॉफ्टवेअर शिकवणाऱ्यापेक्षा एखाद्या तालवादकाकडे महिनाभर बसा, असं माझं ठाम मत आहे. डच संगीतकार मिशेल वाइसविझ यांनी १९८४ मध्ये हातांवर चढवायचं 'द हँड्स' हे वाद्य आणलं आणि पुढे दोन दशकांहून जास्त काळ तेच सुधारत वाजवलं. आपण सहा महिन्यांत कंट्रोलर बदलतो.

सुरुवातीला सेट आधीपेक्षा गरीब वाटेल. घाबरू नका, सगळ्यांचं तसंच होतं. एकच आवाज घ्या, लूप बंद ठेवा, एक मिनिट वाजवून व्हिडिओ काढा आणि तो व्हिडिओ म्यूट करून बघा. सूर कुठे चढला, कुठे तुटला, हे नुसत्या हाताकडे बघून ओळखता आलं पाहिजे. मला ते जमायला तीन महिने लागले, रोज अर्धा तास.