सुक्या फुलांची नाताळमाळ : कटीलच्या वाड्याची रीत

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात, टेमर नदीच्या परिसरात कटील नावाचा ट्यूडरकालीन वाडा आहे. १९४७ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे असलेल्या या वाड्याच्या मोठ्या दालनात, १९५६ मध्ये सुरू झालेल्या प्रथेनुसार, नाताळात सुमारे १८ मीटर लांबीची सुक्या फुलांची माळ टांगली जाते. तिच्यासाठी लागणारी हजारो फुले वाड्याच्याच बागेत पिकवली व वाळवली जातात. घरी दीड-दोन मीटरच्या दोरावर हीच माळ करता येते. मात्र तयारी उन्हाळ्यातच सुरू करावी लागते.

प्रथम हेलिक्रायसम आणि स्टॅटिस ही कागदासारख्या कोरड्या फुलांची रोपे लावावीत, कारण वाळल्यावरही त्यांचा रंग टिकतो. सर्वाधिक काळजी तोडणीची घ्यावी. कोरड्या दिवशी, दव सुकल्यावर फुले तोडावीत. हेलिक्रायसमच्या पाकळ्यांच्या बाहेरच्या दोन-तीन ओळीच उमललेल्या आणि मधला भाग मिटलेला असताना ते तोडावे. वाळतानाही ते उमलत राहते, त्यामुळे पूर्ण फुललेले फूल शेवटी मागे वळून विस्कटते. स्टॅटिस मात्र बहुतेक उमलल्यावरच तोडावे.

पाने काढून दहा-बारा देठांची जुडी रबरबँडने बांधावी. देठ वाळताना आकसतात आणि सुतळी सैल पडून फुले गळतात, म्हणून रबरबँडच हवा. जुड्या अंधाऱ्या, हवेशीर जागी उलट्या टांगाव्यात. उजेडाने रंग उडतो. साधारण दोन-तीन आठवड्यांनी देठ कटकन मोडू लागला की फुले तयार झाली.

नोव्हेंबरअखेरीस जाड दोर ताणून बांधावा. कटीलला त्यावर पिटोस्पोरम या झुडपाची सदाहरित पाने बांधतात. आपण कुंपणाची छाटणी करताना निघालेली आयव्हीची वेल किंवा लॉरेलची पाने वापरावीत आणि त्यांच्या लहान जुड्या तारेने किंवा सुतळीने दोराला बांधाव्यात. पानांच्या प्रत्येक जुडीने आधीच्या जुडीचे देठ झाकावेत, वेणी भरताना झाकतो तसे. फुले शेवटी पानांत खोचावीत. चमकी आणि रंगाचे फवारे पूर्णपणे टाळावेत, कारण त्यांमुळे माळ खतासाठी निरुपयोगी होते.

जुन्या वास्तूत नवा खिळा न ठोकता असलेल्याच आकड्यांवर किंवा तुळईवर माळ टांगावी. सुकी फुले चटकन पेट घेतात, म्हणून मेणबत्ती आणि शेकोटीपासून ती दूर ठेवावी. नाताळ सरल्यावर दोर जपून ठेवावा, बांधलेली तार किंवा सुतळी सोडवून घ्यावी आणि पाने-फुले खताच्या खड्ड्यात टाकावीत.