विंडोज न पुसता लिनक्सवर गेमिंग

विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. माझ्या मामेभावाच्या पीसीतला प्रोसेसर आय5, सातव्या पिढीचा, त्यावर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही. म्हणून कोल्हापूरच्या राजारामपुरीत त्याच्या खोलीत बसून आम्ही लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं, पण विंडोज तसंच ठेवलं. तुम्हीही लगेच पुसू नका.

आधी तुम्ही कुठले गेम खेळता ते बघा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले बरेचसे गेम प्रोटॉनच्या, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्याच सॉफ्टवेअरच्या जोरावर लिनक्सवर चालतात. प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर गेमचं नाव टाकलं की इतरांचे अनुभव दिसतात. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट मात्र अँटी-चीटमुळे (फसवाफसवी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे) चालत नाहीत. भाऊ रोज रात्री व्हॅलोरंट खेळतो, त्यासाठीच विंडोज ठेवलंय. पण सपोर्ट संपलाय, म्हणून बँकेची कामं विंडोजवर करायची नाहीत, एवढं त्याला बजावलंय.

एकाच डिस्कचे दोन भाग करता येतात, पण माझं ऐका, लिनक्सला वेगळी एसएसडी (वेगवान डिस्क) घ्या. आणि इन्स्टॉल करताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा. माझ्या पीसीवर मी ती काढली नव्हती. इन्स्टॉलरनं बूटलोडर, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, विंडोजच्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटलोडर ठेवायच्या भागात) टाकला. पुढं काही महिन्यांनी ती डिस्क फॉरमॅट केली आणि लिनक्सही सुरू होईना. अख्खा रविवार गेला. म्हणून भावाच्या वेळी केबल काढायला सगळ्यात आधी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

केबल काढण्याआधी फोटो आणि कॉलेजची कामं बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (पीसी लवकर सुरू व्हावा म्हणून असलेली सोय) बंद करा. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होत नाही, मग त्या डिस्कवर लिनक्सला लिहिता येत नाही. वळवाच्या दिवसांत आपल्याकडं लाइट कधी जाईल नेम नसतो, तेव्हा यूपीएसशिवाय इन्स्टॉलला बसू नका.

झालं की केबल परत जोडा आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) लिनक्सची डिस्क पहिली करा. व्हॅलोरंट खेळायचा असेल तेव्हा बूट मेनूतून विंडोज निवडायचं. लिनक्सचे गेम लिनक्सच्याच डिस्कवर, एक्स्ट4 (लिनक्सचा डिस्क फॉरमॅट) मध्ये ठेवा. एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटवर, ठेवले तर प्रोटॉन अडखळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला भावाचा फोन आला, "दादा, विंडोजचं घड्याळ साडेतीन दाखवतंय!" बिघाड काही नव्हता. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तास मागं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'timedatectl set-local-rtc 1' ही कमांड टाइप करायला लावली, आणि घड्याळ जागेवर आलं.