‘जहाज नांगरणे’ : अर्थ कसा लावावा, मूळ कसे तपासावे

मांडवीच्या काठावर उभे राहून ‘जहाज नांगरले आहे’ असे लिहिण्यापूर्वी ते कशाच्या आधाराने स्थिर आहे हे पाहावे. तळात रुतलेल्या नांगराच्या आधाराने असेल, तरच ते नांगरलेले. मुरगाव बंदराबाहेर आपली पाळी येईपर्यंत थांबलेले मालवाहू जहाज नांगरलेले असते. तेच आत येऊन दोरखंडांनी बांधले गेले की धक्क्याला लागलेले असते. रायबंदरहून सुटून चोडणला काही मिनिटे टेकणाऱ्या फेरीबोटीला नांगरली म्हणणे तर चूकच. हा भेद पुसला गेला की एक नेमका शब्द बोथट होतो.

मूळ तपासताना नामापासून सुरुवात करावी, कारण जसे कुळवापासून ‘कुळवणे’, तसे नांगरापासून ‘नांगरणे’. शेतातल्या नांगराचा माग सरळ लागतो: ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील क्षेत्रपतीच्या सूक्तात ‘लाङ्गल’ आहे, पालीत ‘नङ्गल’ आहे आणि मराठीत शेवटच्या ‘ल’चा ‘र’ होऊन ‘नांगर’ झाला. जहाजाच्या नांगराला मात्र हिंदीत आणि गुजरातीत ‘लंगर’ म्हणतात, आणि हा शब्द फारसीतला आहे. त्या भाषांत शेतीच्या अवजाराला ‘हल’ किंवा ‘हळ’ असल्याने लंगर वेगळा राहिला. आपल्या किनाऱ्यावर घरचा ‘नांगर’ आधीपासून होता, आणि माझ्या मते त्यामुळेच दोन्ही शब्द एका रूपात मिसळले. म्हणून शब्दकोशात दोन्ही अर्थ एकाच नोंदीखाली दिसले, तरी मूळही एकच असे लगेच धरू नये.

हे मिसळणे अर्थालाही शोभून दिसते. साखळी खोलीच्या कित्येक पट लांब सोडली की ओढ तळाशी आडवी बसते आणि नांगराची टोके फाळाप्रमाणे चिखलात शिरतात. साखळी आखूड पडली तर ओढ वर लागून नांगर उपटला जातो. जेफ्री इंग्रॅम टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३३ साली लहान नौकांसाठी जो नांगर तयार केला, त्याचा आकारच शेतातल्या फाळासारखा होता.

वापर करताना क्रियापद सकर्मक ठेवावे: ‘खलाशांनी जहाज नांगरले.’ केवळ ती क्रिया सांगायची असेल तर ‘नांगर टाकला’, निघताना ‘नांगर उचलला’. आणि पकड सुटून जहाज वाहू लागले असेल, तर नांगर पाण्यात असला तरी त्याला नांगरलेले म्हणू नये, ‘नांगर घसरला’ असे लिहावे.