तिकीट स्वस्त, भेट महाग: पुणे–कोल्हापूर वीकेंडला या चुका टाळा

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता स्वारगेटला उभं राहून ‘आज कोल्हापूरला स्वस्तात कसं जाऊ?’ असं विचारणाऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. ती वेळ दीड महिन्यापूर्वीच होऊन गेलेली असते.

एम.एस्सी.ची दोन वर्षं मी हा रस्ता केला. मी कर्वेनगरला कॉट बेसिसवर, माझा जोडीदार कोल्हापुरात विद्यापीठाजवळ खोली घेऊन. घरून येणाऱ्या पैशांत ‘त्याला भेटायला जाणे’ असा रकाना अर्थातच नव्हता. पहिल्या वर्षी मी फक्त तिकिटाची किंमत बघायचे. दुसऱ्या वर्षी वहीच्या मागच्या पानावर दुसरा हिशोब सुरू केला: सगळा खर्च भागिले आम्ही खरंच एकत्र घालवलेले जागे तास. त्या पानावर माझ्या निम्म्या ‘स्वस्त’ फेऱ्या उघड्या पडल्या.

मध्यरात्रीची तारीख

सगळ्यात लाजिरवाणी चूक आधी सांगते. महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईहून संध्याकाळी उशिरा सुटते आणि पुण्यात येईपर्यंत मध्यरात्र उलटून गेलेली असते. म्हणजे शुक्रवारी रात्री जेवूनखाऊन आपण जी गाडी पकडायला निघतो, ती पुण्यापुरती शनिवारची. मी बुकिंग करताना शुक्रवारची तारीख टाकली होती. शुक्रवारी रात्री बॅग घेऊन प्लॅटफॉर्मवर गेले, टीसींना मोबाइल दाखवला. ते म्हणाले, ‘‘ताई, ही तर काल रात्रीच गेली.’’ माझी गाडी त्या दिवशी सकाळीच कोल्हापूरला पोचली होती. सुटलेल्या गाडीचे पैसे परत मिळत नाहीत, आणि ते तिकीट दुसऱ्या गाडीला चालतही नाही.

तत्काळमध्ये हाच घोळ उलटा होतो. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता. पण हा आदला दिवस गाडी जिथून निघते तिथल्या तारखेवरून मोजतात. शनिवारी पहाटे पुण्यातून जाणारी महालक्ष्मी मुंबईहून शुक्रवारी निघालेली असते, त्यामुळे तिचं तत्काळ गुरुवारी सकाळी उघडतं. शुक्रवारी ११ वाजता लॉगिन करून बसलात तर हाती काही लागत नाही. शिवाय जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी पडताळलेलं लागतं. ते काम आजच उरकून ठेवा, ऐन वेळी ओटीपी येईपर्यंत जागा संपतात. तत्काळचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर एक रुपयाही परत येत नाही. गुरुवारी तत्काळ काढलं असेल तर शुक्रवारचं भांडण भेटल्यावर करा.

खरं तर तत्काळची वेळच येऊ नये. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. स्लीपरचं भाडं अडीचशेच्या आसपास आहे. आम्ही सेमिस्टरच्या सुरुवातीला दोघांची वेळापत्रकं समोर ठेवायचो. सबमिशन, इंटर्नल, ओरल यांच्या तारखांवर फुल्या मारायच्या आणि उरलेल्या शनिवारांतले तीन-चार पक्के करायचे. आठवण अनावर झाली म्हणून निघालेली फेरी माझ्या वहीत नेहमीच सगळ्यात महाग निघाली.

परतीला एक धोका लक्षात ठेवा. कोल्हापूरहून रात्री निघालेली महालक्ष्मी पुण्यात पहाटेच्या अंधारात पोचते आणि तशीच पुढे मुंबईला जाते. गजर लावा. एकदा मला जाग आली तेव्हा खिडकीबाहेर लोणावळा होतं.

वेटिंगच्या भरवशावर

ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागेपर्यंत कन्फर्म झालं नाही, तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. अनेकांना वाटतं की तोच मेसेज दाखवून जनरल डब्यात बसता येईल. तसं नसतं, तुम्ही विनातिकीट ठरता. दंड किमान २५० रुपये, वर भाडं वेगळं. अशा वेळी रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपवर किंवा खिडकीवर जनरलचं तिकीट काढा. पुणे–कोल्हापूर जनरल दीडशेच्या आत येतं. आरएसी असेल तर निर्धास्त चढा, बसायला जागा मिळतेच. आणि यादीत नुसतं ‘वेटिंग १२’ असं वाचू नका, त्याच्या आधीची अक्षरंही बघा. जीएनडब्ल्यूएल (सर्वसाधारण वेटिंग यादी) असेल तर आशा, पीक्यूडब्ल्यूएल (मधल्या स्टेशनांच्या सामायिक कोट्याची यादी) असेल तर त्याच दिवशी एसटीचं बघायला लागा.

अर्ध्या तिकिटाचं गणित

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. साधी लालपरी पुण्याहून कोल्हापूरला चारशेच्या घरात नेते, म्हणजे मला दोनशे. त्याला जाऊन-येऊन आठशे, मला चारशे. मग साहजिकच प्रत्येक वेळी मीच जायला लागले. हिशोब बरोबर होता. पण सवलत तिकिटाला होती, कात्रजपासून सुरू होणाऱ्या त्या सहा तासांना नव्हती. तिसऱ्या सेमिस्टरला मी चिडायला लागले, आणि त्याला कळेना की चारशे रुपये वाचत असताना ही का चिडते.

शेवटी ठरलं ते असं: दोन फेऱ्या माझ्या, एक त्याची, आणि तिन्हींचा खर्च निम्मा-निम्मा. म्हणजे माझ्या तिकिटातही त्याचा वाटा. तुम्ही वेगळं ठरवाल, पण ठरवा. ‘ज्याचं तिकीट स्वस्त त्याने जायचं’ हा नियम कागदावर छान दिसतो.

दोन बारीक गोष्टी. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते, त्यामुळे जोडीदार पणजीला किंवा बेळगावला असेल तर पुढचं भाडं पूर्ण धरा. आणि पुण्यात स्टँड चुकवू नका. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या गाड्या स्वारगेटहून सुटतात. शिवाजीनगरचं स्टँड वाकडेवाडीला हललेलं आहे आणि तिथून नाशिक, संभाजीनगरकडच्या गाड्या मिळतात. माझ्या रूममेटने नाशिकला जायला स्वारगेट गाठलं होतं, मग भर ट्रॅफिकमध्ये रिक्षाने शहर ओलांडलं. त्या रिक्षाच्या पैशांत तिचं तिकीट निघालं असतं.

तावडे हॉटेलचे साडेतीन

खाजगी बसच्या यादीत एखादी सीट बाकीच्यांपेक्षा बरीच स्वस्त दिसली की ती गाडी शेवटी कुठे जाते ते बघा. बेंगळुरूला किंवा गोव्याला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या कोल्हापूर शहरात शिरत नाहीत, हायवेवर तावडे हॉटेलपाशी उतरवतात. मला एका गाडीने तिथे पहाटे साडेतीनला उतरवलं. पावसाळा होता, रिक्षावाले काका दोनच, आणि दोघांनी सांगितलेला भाव एकच. तो झोपेतून उठून मित्राची गाडी मागून आला तोवर मी चहाच्या टपरीवर ट्रकवाल्यांच्या गप्पा ऐकत बसले होते. काही वाईट घडलं नाही. पण दीडशे रुपये वाचवायला मी ते पुन्हा करणार नाही. बुक करताना पोचण्याची वेळ आणि उतरण्याचं ठिकाण आधी बघा, भाडं नंतर. परतीलाही तेच: गाडी नवले पुलाला सोडणार की स्वारगेटला, याने रिक्षाचे शंभर-दीडशे इकडेतिकडे होतात.

दिवाळी, गणपती आणि जोडून सुट्ट्यांना खाजगी भाडी भडकतात. राज्य सरकारच्या २०१८ च्या निर्णयानुसार त्याच दर्जाच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त आकारता येत नाही. जास्त घेतलं तर तिकिटाचा स्क्रीनशॉट ठेवून आरटीओकडे तक्रार करता येते. त्याने तो वीकेंड मात्र वाचत नाही. दिवाळीआधीच्या शुक्रवारी भेटायचंच नाही, हा आमचा तोडगा होता.

सातारा विसरणं

आम्हाला हे सुचायला दीड वर्ष लागलं. पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर, कोल्हापूरहून १२०. शनिवारी पहाटे दोघांनी निघायचं, साडेनऊपर्यंत सातारा स्टँडवर भेटायचं, संध्याकाळी पाचला आपापली गाडी. स्वारगेटहून साताऱ्याला विनावाहक गाड्या असतात, त्यांचं तिकीट आधी खिडकीवर काढायचं.

आता वहीतला हिशोब. जाऊन-येऊन माझे दोनशे, त्याचे चारशे, एकूण सहाशे. मी एकटी कोल्हापूरला गेले असते तर चारशेत भागलं असतं. मग सातारा महाग? कोल्हापुरात मैत्रिणीच्या खोलीवर झोपायची सोय असेल तर हो, महागच. पण ती घरी गेली असेल तर लॉजचे आठ-नऊशे वाढतात, वर रिक्षा, वर दोन वेळचं बाहेरचं जेवण. शिवाय अविवाहित जोडप्याला खोली नाकारणारे मॅनेजर भेटतात. कायद्याने सज्ञान जोडप्याला बंदी नाही, पण रात्री नऊ वाजता काउंटरवर उभं राहून वाद घालायचं त्राण कोणात असतं? साताऱ्याला रात्रीचा प्रश्नच उरत नाही. एकाच्या बारा तासांऐवजी दोघांचे सहा-सहा तास रस्त्यात जातात, आणि अख्खा रविवार अभ्यासाला राहतो. कुणी कुणाकडे ‘पाहुणा’ नसतो, हेही बरं.

दिवसही छान जातो. चालत चार भिंती स्मारकापर्यंत जायचं, पाय मजबूत असतील तर अजिंक्यतारा किल्ल्यावर, उतरताना मोती चौकातून पावशेर कंदी पेढे. फक्त सप्टेंबरात उत्साहाने कासचा बेत करू नका. फुलांच्या वीकेंडला तिथे गाड्यांची रांग असते आणि तुमचे साडेसात तास त्यातच संपतात.

किरकोळ, पण खिशाला लागणाऱ्या

कॉलेजच्या आयकार्डावर प्रवासात सूट मिळते हा गैरसमज आहे. एसटीचा विद्यार्थी पास घर ते कॉलेज या मार्गाचा असतो. रेल्वेची विद्यार्थी सवलत मुळात सुट्टीत गावी जायला आणि शैक्षणिक सहलीला, तीही कॉलेजचा सही-शिक्क्याचा फॉर्म खिडकीवर देऊन. तुमचं गाव आणि त्याचं शहर एकच असेल तर तुम्ही भाग्यवान.

एसटी रस्त्यात बंद पडली तर तिकीट फेकू नका आणि रागाने खाजगी गाडीत चढू नका. कंडक्टर मागून येणाऱ्या एसटीत बसवून देतात.

रविवारी चार ते आठ ही परतीची सगळ्यात वाईट वेळ. खंबाटकीला अडकलात की हॉस्टेलचं गेट हुकतं. दुपारी एकची गाडी पकडा, किंवा सोमवारी दुपारचं लेक्चर असेल तर सोमवारी पहाटेची पहिली एसटी, तिच्यात खिडकी हमखास मिळते.

आणि रविवारी रात्री पुण्यातल्या बहुतेक मेस बंद असतात. सहा तासांच्या प्रवासानंतर भुकेलं पोट दोनशेची ऑर्डर करतं, म्हणजे माझं एका बाजूचं तिकीट. त्यामुळे त्याच्या मेसमध्ये दुपारी जेवून झालं की मावशींना दोन चपात्या आणि सुकी भाजी बांधून द्यायला सांगायची. कुणासाठी, कुठे, असं त्या काही विचारायच्या नाहीत. फक्त म्हणायच्या, ‘‘डबा परत आणून दे गं.’’