क्यूब पास, स्लॅबला तडे: हलक्या खडीच्या काँक्रीटमधल्या या चुका टाळा

फ्लाय अ‍ॅशच्या भाजलेल्या गोळ्या किंवा लेका (भाजून फुगवलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या) वापरून केलेलं स्ट्रक्चरल काँक्रीट घनमीटरला साधारण १७०० ते १९०० किलो भरतं. आपलं नेहमीचं २४०० च्या आसपास. फरक फक्त वजनाचा आहे असं समजून बाकी सगळं रोजच्यासारखं केलं, की घोळ सुरू होतो.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे कोरडी खडी मिक्सरमध्ये टाकणं. ही खडी २४ तासांत वजनाच्या दहा ते वीस टक्के पाणी सहज पिते. मग साइटवर काय होतं ते ठरलेलं आहे. प्लांटवर स्लम्प (काँक्रीट किती पातळ आहे ते सांगणारी बसकण, मिलिमीटरमध्ये) १२० येतो, तिथेच क्यूब (ताकद तपासायचे नमुन्याचे ठोकळे) भरले जातात. गाडी पंपापाशी पोचेपर्यंत स्लम्प ५० वर. त्यात पंपाचा दाब उरलंसुरलं पाणी खडीच्या छिद्रांत ढकलतो, पाइप चोक होतो. पंपवाला ओरडतो, कोणीतरी ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडतो. किती पाणी गेलं, कुणालाच ठाऊक नाही. दुपारच्या उन्हात पृष्ठभाग सुकतो आणि फिनिशिंग संपायच्या आत तडे दिसायला लागतात. अठ्ठावीस दिवसांनी क्यूब मात्र झोकात पास होतात, कारण ते पाणी घालायच्या आधीचे! रिपोर्ट हातात धरून भांडणाऱ्यांना हे सांगूनही पटत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण त्याला पर्याय नाही. ढिगावर भोकं पाडलेला पाइप टाकून किमान २४ तास पाणी मारा, पंपिंग असेल तर दोन-तीन दिवस. वापरण्याआधी रात्रभर निथळू द्या. रोज सकाळी दोन किलो खडी शेगडीवर सुकवून ओलावा काढा आणि बॅचचं पाणी त्यानुसार बदला. मिक्सरमध्ये आधी खडी आणि दोन तृतीयांश पाणी, थोडं फिरवून मग वाळू आणि सिमेंट. अ‍ॅडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये मिसळायचं रसायन) शेवटी, नाहीतर तेही खडीच पिऊन टाकते.

दुसरी चूक ऑफिसात बसून होते. आयएस ४५६ या भारतीय मानकातलं काँक्रीटच्या ताठरपणाचं (इलॅस्टिक मॉड्युलसचं) ५००० गुणिले ताकदीचं वर्गमूळ हे सूत्र डोळे झाकून लावलं, तर एम२५ ला, म्हणजे २५ एमपीए ताकदीच्या काँक्रीटला, २५,००० एमपीए मिळतात. एसीआय ३१८ या अमेरिकी मानकाचं घनतेवर आधारलेलं सूत्र १८०० घनतेला, सिलिंडर नमुन्याची ताकद २० धरून, जेमतेम १४,७०० देतं. म्हणजे स्लॅब कागदावर दिसतो त्यापेक्षा बराच जास्त वाकणार, आणि वरच्या भिंतींना तडे जाणार. शिअरचंही, म्हणजे काँक्रीट कापू पाहणाऱ्या बलाचंही, तेच. फुटलेला क्यूब जरा निरखून पाहा. काळ्या दगडाच्या खडीत तडा बहुतेक दगडाला वळसा घालून जातो. इथे तो खडी चिरत आरपार जातो. तड्याच्या दोन्ही बाजू गुळगुळीत, म्हणून एकमेकींत अडकत नाहीत. यासाठीच एसीआय काँक्रीटच्या शिअरच्या ताकदीला ०.७५ चा गुणक लावतं, नैसर्गिक वाळू असेल तर ०.८५.

ताकद कमी आली की सिमेंट वाढवायचं, ही आणखी एक खोड. खडीच आधी फुटत असेल तर जादा सिमेंटनं फक्त उष्णता आणि आकुंचन वाढतं. त्यापेक्षा २० एमएमऐवजी १० किंवा १२ ची खडी घ्या.

व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून त्यातली हवा काढणारं यंत्र) जास्त वेळ धरू नका. इथे खडी खाली बसत नाही, वर तरंगते.

काँक्रीटमधल्या हवेचं प्रमाण प्रेशर मीटरनं मोजू नका, तो खडीतली हवाही मोजतो. व्हॉल्यूमेट्रिक मीटर वापरा.

‘खडीत पाणी आहेच, क्युरिंग कशाला?’ असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: आत ओल आणि वर कोरडं झालं की पृष्ठभाग ताणला जातो, आणि याच काँक्रीटची ताणाची ताकद सुकताना घटते. सात दिवस ओलं गोणपाट, वर प्लॅस्टिक. आकुंचन उशिरा येतं, म्हणून महिनाभर तडा नाही तर सुटलो असंही समजू नका.

आणि वर लाकडी किंवा व्हिनाइल फ्लोअरिंग असेल तर आधी ओलावा तपासा. खडीतलं पाणी महिनोन्‌महिने बाहेर येत राहतं, घाई केली तर गोंद सुटतो.