नागपुरात अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे सर्वेक्षण कसे आखावे

अमली पदार्थ किंवा गुंगीच्या गोळ्या प्रमाणाबाहेर घेतल्याने कोणी दगावले, तर शवविच्छेदनानंतर पुष्कळदा ‘व्हिसेरा राखून ठेवला’ (म्हणजे तपासणीसाठी अवयवांचे नमुने काढून ठेवले) एवढाच शेरा पडतो आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत मृत्यूचे कारण अनिर्णीत राहते. या अहवालाला कित्येकदा महिने लागतात. तेवढ्या काळात तीच घातक पुडी त्याच वस्तीतल्या आणखी काही मुलांच्या हाती पडू शकते. म्हणून महापालिकेच्या आरोग्य विभागाने सर्वेक्षणाचा, म्हणजे अशा रुग्णांवर सतत लक्ष ठेवण्याच्या व्यवस्थेचा, पाया अपघात विभागाच्या नोंदवहीवर घालावा आणि व्हिसेऱ्याचा अहवाल नंतरच्या पडताळणीसाठी ठेवावा.

सर्वात आधी कोणता रुग्ण मोजायचा, हे ठरवावे लागते. विदर्भात विषबाधा म्हटली की कीटकनाशक आठवते, आणि ते रुग्ण याच यादीत मिसळले तर सगळे आकडे निरुपयोगी होतात. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत (आयसीडी-१०) औषधांची विषबाधा टी-३६ ते टी-५० या संकेतांकांत येते आणि त्यातील टी-४० हा अफूजन्य व तत्सम मादक पदार्थांसाठी आहे. कीटकनाशकांचा टी-६० वेगळा आहे, तो या यादीत घेऊ नये. साथरोगांच्या नोंदीत असतात तशाच संशयित, संभाव्य आणि निश्चित अशा तीन पायऱ्या येथेही ठेवाव्यात. बेशुद्धी, मंदावलेला श्वास आणि डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या ही तीन लक्षणे एकत्र दिसली, की प्रयोगशाळेची वाट न पाहता ‘अफूजन्य, संशयित’ अशी नोंद व्हावी. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, घेतलेल्या रुग्णाचे चित्र याच्या उलट असते: धडधड, घाम, ताप, भ्रम. त्यासाठी वेगळी व्याख्या हवी.

माहिती मुख्यतः मेडिकल, मेयो आणि एम्स या सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागांतून, १०८ रुग्णवाहिकेच्या नोंदींतून आणि मोठ्या खासगी रुग्णालयांतून मिळेल. रात्रपाळीतल्या निवासी डॉक्टरांवर लांबलचक फॉर्म लादू नये. केसपेपरवर ‘अननोन पॉयझनिंग’ लिहून ते पुढच्या रुग्णाकडे वळतात, याचे कारण कामाचा ताण हेच असते. वय, लिंग, घटनेचे ठिकाण, लक्षणे, नातेवाइकांनी सांगितलेला पदार्थ, नॅलोक्सोन (अफूजन्य पदार्थांचा परिणाम उतरवणारे औषध) दिले का आणि त्यानंतर श्वास सुधारला का, एवढे पुरेसे आहे. यातला घटनेच्या ठिकाणाचा रकाना माझ्या मते सर्वात मोलाचा आहे. मेडिकलमध्ये छिंदवाडा, बालाघाटपासून रुग्ण येतात, तेव्हा केवळ रुग्णालयाच्या आकड्यांवरून शहराचे चित्र काढणे चुकीचे ठरेल. मूत्रचाचणीच्या साध्या पट्ट्यांवरही विसंबू नये, कारण ट्रॅमाडॉल, फेंटानिल, मेफेड्रोन यांसारखे पदार्थ त्यांत सहसा सापडत नाहीत.

विषबाधेची एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची नोंद, पोलिसांकडे जाते, ती प्रक्रिया चालू राहील; सर्वेक्षणाची यादी मात्र तिच्यापासून पूर्ण वेगळी ठेवावी आणि तिच्यात नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक काहीही नसावे. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायदा, १९८५ नुसार सेवन हाही गुन्हा असल्याने, माहिती पोलिसांकडे जाते असा नुसता संशय आला तरी मित्रमंडळी बेशुद्ध मुलाला दारात सोडून निघून जातील आणि त्याने काय घेतले हे कोणीच सांगणार नाही. याच कायद्याचे कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देते, हे अपघात विभागातल्या समाजसेवा अधीक्षकांनी कुटुंबाला शांतपणे समजावून सांगावे.

दर आठवड्याला एका ठरलेल्या दिवशी आकडे महापालिकेच्या दहा झोननुसार मांडावेत. संख्या लहान असल्याने टक्केवारी फसवी ठरते. त्यापेक्षा एकाच परिसरात तीन दिवसांत दोन संशयित रुग्ण आले, की त्याच दिवशी चौकशी सुरू करावी, असा साधा नियम घालावा. अशा वेळी सर्व अपघात विभागांना आणि १०८ च्या डॉक्टरांना सूचना जावी, नॅलोक्सोनचा साठा तपासावा आणि त्याचा परिणाम साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरत असल्याने शुद्धीवर आलेल्या रुग्णाला लगेच घरी सोडू नये, याची आठवण द्यावी. व्यसनमुक्ती केंद्रांना आणि वस्तीत काम करणाऱ्या संस्थांनाही कळवावे. प्रसिद्ध होणाऱ्या अहवालात मात्र पाचपेक्षा कमी संख्या झोननिहाय देऊ नये, कारण गल्लीत सगळे एकमेकांना ओळखतात.

प्रारंभी मेडिकल आणि मेयो या दोनच ठिकाणी तीन महिने काम करावे. पुढे व्हिसेऱ्याचे अहवाल येतील तसतशा जुन्या नोंदी केवळ नोंद क्रमांकाच्या आधारे त्यांच्याशी ताडून पाहाव्यात आणि लक्षणांवरून केलेले निदान जिथे चुकले असेल तिथे व्याख्या दुरुस्त करूनच खासगी रुग्णालये जोडावीत.