नागपूरहून नाओशिमाला: कलेच्या बेटावर मुक्काम करताना या चुका टाळा

आमचा पहिला घोळ वाराचा होता. विमानाची तिकिटं, शिंकानसेन (बुलेट ट्रेन), हॉटेल, सगळं दोन महिने आधी पक्कं झालेलं. आमच्या ह्यांनी वहीत तक्ता आखला होता, साइटवर स्लॅबच्या आधी आखतात तसा. रविवारी संध्याकाळी जपानमधल्या नाओशिमा बेटावर पोचायचं, सोमवारी दिवसभर संग्रहालयं बघायची, संध्याकाळच्या बोटीने परत. धरमपेठेतल्या घरी बसून तो तक्ता अगदी बिनचूक दिसत होता. निघायला आठवडा उरला आणि भाचीने सहज विचारलं, "मामी, सोमवारी चिचू बंद असतं ना?"

बंदच असतं. चिचू कला संग्रहालयासारखी नाओशिमावरची बरीचशी ठिकाणं सोमवारी बंद ठेवतात. सोमवारी सरकारी सुटी आली तर ती उघडी राहतात आणि मंगळवारी बंद होतात. शेजारच्या तेशिमा बेटावरचं संग्रहालय मात्र मंगळवारी बंद, आणि हिवाळ्यात तर आठवड्यातले आणखी काही दिवस. म्हणजे सोमवारी नाओशिमा आणि मंगळवारी तेशिमा धरणाऱ्याला दोन्ही बेटांवर कुलपंच दिसायची. आम्ही तारखा पुढे ढकलल्या, थोडे पैसे बुडाले, पण वाचलो. तेव्हा आधी वार बघा, मग खोली, आणि विमान सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलट करतो, कारण विमानाचं तिकीट महाग होईल ही धास्ती आधी असते.

तारखा बदलणं शक्यच नसेल तर? बेनेसे हाउस या तिथल्या हॉटेलचं स्वतःचं संग्रहालय वर्षभर रोज उघडं असतं आणि समुद्रकाठची शिल्पं तर उघड्यावरच आहेत. सोमवार त्यांना द्या.

रिसॉर्ट म्हणून जाऊ नका

बेनेसे हाउस बघून आलेल्या आमच्या एका व्याह्यांची तक्रार होती, "एवढे पैसे घेतात आणि खोलीत टीव्ही नाही!" नाहीच आहे, मुद्दाम ठेवलेला नाही. थायलंड-मालदीवचं रिसॉर्ट डोक्यात ठेवून तिथे गेलात, तर नाश्त्यानंतर काय करायचं हा प्रश्न पडणारच. हे हॉटेल म्हणजे राहायची सोय असलेलं संग्रहालय आहे, आणि भाड्यातला मोठा वाटा रात्रीचा आणि पहाटेचा असतो.

थोडी पार्श्वभूमी कामाला येईल. नाओशिमा सेतोच्या आतल्या समुद्रात आहे, जेमतेम आठ चौरस किलोमीटरचं, वस्ती तीन हजारांच्या आसपास. उत्तर टोकाला 1917 पासून मित्सुबिशीचा तांबं गाळण्याचा कारखाना आहे, त्यामुळे बोटीतून पहिल्यांदा धुराडं दिसलं तर चुकीच्या बेटावर आलो असं समजू नका. ओकायामातल्या एका प्रकाशन कंपनीचे संस्थापक तेत्सुहिको फुकुताके आणि बेटाचे तेव्हाचे महापौर 1985 मध्ये भेटले, 1989 मध्ये मुलांची शिबिरं सुरू झाली आणि 1992 मध्ये बेनेसे हाउस उभं राहिलं. वास्तुरचना तादाओ आंदो यांची. (आपल्या दीक्षाभूमीशी जन्माचं नातं जोडलेले भदंत सुरई ससाई मूळचे ओकायामा प्रांतातलेच. हे सासूबाईंना सांगितल्यावर त्यांचं "इतक्या लांब काहून जायचं" हे पालुपद थांबलं.)

इमारती चार आहेत आणि खोली घेताना त्यांतला फरक कुणी नीट सांगत नाही. म्युझियम इमारतीत झोपायच्या खोल्या आणि दालनं एकाच छपराखाली. ओव्हल डोंगराच्या माथ्यावर, फक्त सहा खोल्या, वर जायला छोटी मोनोरेल, मधोमध पाण्याचं लंबगोल कुंड. पार्क आणि बीच या 2006 च्या, समुद्राच्या पातळीजवळच्या. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर पार्क किंवा बीच घ्या. दोघंच असाल आणि चढउतार जमत असेल तर म्युझियम. ओव्हल फोटोत सगळ्यात देखणी दिसते, पण तिथून प्रत्येक वेळी खाली यायचं म्हणजे मोनोरेलची वाट बघणं आलं. आम्ही ती घेतली नाही आणि मला त्याचं दुःख नाही.

बाहेरचे पाहुणे गेल्यावरही मुक्कामाच्या पाहुण्यांना म्युझियमची दालनं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. दिवसभर सायकल, बोट, उन्हात रांगा, मग जेवण, की साडेआठला डोळे मिटले. आम्ही दुपारी दोन तास झोपलो आणि रात्री दहाला खाली उतरलो. ब्रूस नॉमनचं निऑन अक्षरांचं काम त्या उंच गोल दालनात एकटंच लखलखत होतं. जगणं-मरणं, हसणं-रडणं अशा जोड्यांचे शब्द पेटतात, विझतात, आणि मध्येच सगळे एकदम पेटतात. दिवसा तिथे पंधरा माणसं मोबाइल वर करून उभी असतात. रात्री आम्ही दोघं होतो आणि एक रखवालदार.

"याला प्लास्टर कधी करणार?"

हे सासूबाईंचं पहिलं वाक्य. राजेहो, हसू नका, हीच चूक जास्त शिकलेले लोकही करतात, फक्त मनातल्या मनात. आंदोंच्या भिंती कच्च्या काँक्रीटच्या असतात आणि तशाच ठेवलेल्या असतात.

आमचे हे तीस वर्षं नागपुरात बांधकामाची कंत्राटं घेत आले. त्यांनी भिंतीजवळ जाऊन (हात न लावता, हे महत्त्वाचं) भोकं मोजायला सुरुवात केली. शटरिंगच्या प्रत्येक तक्त्यावर सहा गोल खळगे, तक्ता 90 सेंटिमीटर बाय 180, म्हणजे जवळपास तातामी चटईच्या मापाचा. "आपल्याकडे सेंट्रिंगवाला एवढ्या रेषेत तक्ते लावेल? कोपऱ्यात एक तरी हनीकोंब (काँक्रीटमधली पोकळ जागा) निघतोच न बाप्पा. म्हणून तर आपण प्लास्टर करतो, झाकायला." आंदोंकडे वास्तुशास्त्राची पदवी नाही, तरुणपणी ते बॉक्सिंग खेळायचे आणि 1995 मध्ये त्यांना वास्तुरचनेतलं मानाचं प्रिट्झकर पारितोषिक मिळालं, हे मी सांगितलं तेव्हा ह्यांचा चेहरा घरातलं कार्य पार पडल्यासारखा झाला.

सांगायचं हे, की चित्रांच्या मागे धावताना इमारत बघायची राहून जाते. सकाळी सातला, नाश्त्याआधी, एकदा नुसतं भिंतींवरचं ऊन बघत फिरा.

चिचू, मोने आणि तिकिटाची भानगड

खोली मिळाली म्हणजे सगळं मिळालं, हा समज सर्रास आहे. चिचू कला संग्रहालयाचं तिकीट वेळेच्या स्लॉटनुसार ऑनलाइन घ्यावं लागतं आणि ते वेगळं घ्यावं लागतं. 2004 मध्ये उघडलेली ही इमारत जवळजवळ पूर्ण जमिनीखाली आहे, तरी आत सूर्यप्रकाश येतो. फ्रेंच चित्रकार मोनेची कमळांची पाच चित्रं ज्या दालनात आहेत तिथे विजेचा दिवाच नाही. म्हणून हिवाळ्यात शेवटचा स्लॉट घेऊ नका, रंग अंधारात जातात. सकाळी उशिराचा घ्या. थोडं ढगाळ असलं तरी चालतं, उलट ढग सरकताना चित्र बदलतं ते बघण्यासारखं असतं.

त्या दालनात चपला काढून आत दिलेल्या स्लिपर घालायच्या. पायाखाली संगमरवराचे बारीक चौकोनी तुकडे आहेत. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहारात आपण आपोआप आवाज खाली आणतो, तसाच इथे आणावा लागतो. फोटो अजिबात नाही. गुपचूप काढायचा प्रयत्न करणाऱ्या एका गृहस्थांना तिथली मुलगी इतक्या नम्रपणे थांबवत होती की आम्हालाच लाज वाटली.

होनमुरा गावात जुन्या घरांमध्ये कलाकृती आहेत, 1998 पासून एकेक घर घेत गेलेल्या. त्यातलं मिनामिदेरा चुकवू नका, आणि तिथे घाई करू नका. जेम्स टरेलच्या त्या कामात आधी मिट्ट काळोखात बसवतात. पाच-सहा मिनिटं काहीच दिसत नाही आणि आपली माणसं कुजबुजायला लागतात, "लाइट गेली का?" डोळे अंधाराला सरावले की समोर काय उजळतं ते मी सांगणार नाही. घड्याळाचा चमकणारा पडदा मात्र झाका. तुमच्या मनगटावरचा उजेड शेजारच्याची पाच मिनिटं वाया घालवतो. किन्झा नावाच्या घरात एका वेळी एकच माणूस सोडतात, त्याचं आरक्षण वेगळं.

पिवळा भोपळा सगळ्यांना हवाच असतो. जपानी कलावती यायोई कुसामांचा हा शिल्परूपी भोपळा 1994 पासून धक्क्याच्या टोकाला आहे. ऑगस्ट 2021 च्या वादळात तो समुद्रात गेला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये नवा बसवला. दुपारी तिथे फोटोसाठी रांग असते. मुक्कामाला असाल तर पहाटे सहाला जा, पार्क किंवा बीचवरून चालत काही मिनिटांचं अंतर. टेकू नका, मुलांना चढवू नका. मियानोउरा बंदरावरचा लाल भोपळा वेगळा, त्याच्या आत शिरता येतं, पोरांची हौस तिथे भागवा.

पोचण्यातले खड्डे

नागपूरहून थेट विमान नाही, दिल्ली किंवा मुंबई करावंच लागतं. टोकियोहून ओकायामा नोझोमी या वेगवान शिंकानसेनने साधारण सव्वातीन तास, मग लोकलने उनो बंदर (बहुतेकदा मध्ये चायामाचीला गाडी बदलावी लागते), आणि तिथून बोट वीस मिनिटं. ताकामात्सुहूनही बोट आहे, पण मोठ्या बोटीला पन्नास मिनिटं लागतात. फक्त एवढ्या एका फेरीसाठी जपान रेल पास घेऊ नका. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा पास 29,650 येनवरून 50,000 झाला, आणि नोझोमीसाठी वर जादा पैसे द्यावे लागतात.

बेटावर पाहुण्यांच्या कामाची बंदरं दोन आहेत, मियानोउरा आणि होनमुरा. हॉटेलची पाहुण्यांसाठीची मोफत बस मियानोउराहून ठरलेल्या वेळी सुटते, म्हणून बोटीची वेळ बसच्या वेळेशी जुळवूनच घ्या. संध्याकाळनंतर बोटी विरळ होतात. शेवटची बोट चुकली तर ऑटो करून जाता येत नाही, मध्ये समुद्र आहे.

मोठ्या बॅगा बेटावर ओढत नेऊ नका. जपानमध्ये सामान पुढच्या हॉटेलवर पाठवायची कुरिअर सेवा उत्तम आहे. दोन दिवसांचे कपडे एका सॅकमध्ये घ्या. सायकल घेणार असाल तर हेही ऐका: बेनेसे हाउसच्या आवारात सायकल नेता येत नाही, बाहेर लावून पुढे चालत किंवा बसने जावं लागतं. आणि खिशात रोख येन असू द्या.

व्हिसाबद्दल एकच गोष्ट, कारण तिथे लोक विमानतळावर अडकतात. जपानचा ई-व्हिसा उतरल्यावर मोबाइलवर, चालू इंटरनेटवर उघडून दाखवावा लागतो. प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. रोमिंग किंवा ई-सिम निघण्याआधीच सुरू करा.

आणि नातेवाइकांसाठी संत्री नेऊ नका. ताजी फळं तिथल्या क्वारंटाइनवाल्यांकडे जमा होतात. आमच्या दोन डझनांना घरूनच निरोप दिला गेला, तोही भाचीच्या कृपेने.

पोटापाण्याचं

शाकाहारी माणसाला जपान अवघड जातं ते मासे दिसतात म्हणून नाही, न दिसता असतात म्हणून. टोफू, मिसो सूप, भाजीचा रस्सा, सगळ्यात दाशी (रश्शाचं मूळ पाणी) असतं आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचं. "नो फिश" म्हटलं की ताटातला तुकडा काढतात, रस्सा तोच राहतो. खोली ठरवतानाच लेखी कळवा, दाशी हा शब्द वापरून, आणि रात्रीच्या जेवणाची जागाही तेव्हाच राखून ठेवा. आयत्या वेळी जागा मिळेल हे गृहीत धरू नका, आणि गावातली खानावळ रात्री उघडी सापडेल हेही नको. मियानोउरात एक सुविधा दुकान आहे, पण हॉटेलपासून ते लांब पडतं. आम्ही चिवडा, मेथीचे खाखरे आणि लोणच्याची बाटली नेली होती. दुसऱ्या रात्री खोलीच्या गच्चीत, समोर अंधारातली जहाजं, आणि सासूबाई चिवड्यात कांदा नाही म्हणून नाराज.

ऋतू

आपण 46 अंश काढणारी माणसं, जपानचा ऑगस्ट काय करणार, या तोऱ्यात जाऊ नका. नागपूरचं ऊन कोरडं असतं, कूलरने भागतं. तिथे घाम वाळतच नाही, आणि वादळांचा मोसमही तोच. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा जपान्यांची मोठी सुटी असते, आपल्या शाळांच्या सुट्या नेमक्या तिच्यावर पडतात. दिवाळीची सुटी जास्त सोयीची. दर तीन वर्षांनी सेतोउची त्रैवार्षिक हे या बेटांवरचं कलाप्रदर्शन भरतं, 2010 पासून. 2025 ला झालं. त्या काळात बघायला भरपूर असतं, पण खोल्या फार आधी संपतात आणि बंद राहण्याचे वारही बदलतात.

वादळाचा इशारा आला की बोटी बंद होतात. अशा वेळी हॉटेलच्या स्वागतकक्षात आदल्या संध्याकाळीच विचारा आणि गरज पडली तर मुक्काम अर्धा दिवस आधी आवरून उनोची बोट धरा, तो पल्ला सगळ्यात छोटा. परतीचं विमान बेट सोडल्याच्या दिवशी कधीच ठेवू नका. आम्ही मध्ये एक रात्र ओकायामाला ठेवली होती. वादळ आलं नाही, ती रात्र कपडे धुण्यात गेली.